गणवेशाचा नियम आणि नियमाचा न्याय



आषाढाच्या महिन्यात आपल्या मुलखात दोन वेष एकदम दृष्टीस पडतात. एक वेष वारकऱ्याचा. पांढरे धोतर, पांढरा सदरा, डोईला टोपी किंवा पागोटे, गळ्यात तुळशीची माळ, कपाळी गोपीचंदन, खांद्यावर पताका. दुसरा वेष शाळकरी पोरांचा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकीच्या महाराष्ट्राहून उशिरा उघडतात, म्हणून इकडे पंढरीच्या गाडीची गर्दी आणि शाळेच्या पहिल्या दिवसांची गर्दी पुष्कळदा पाठोपाठ येते. दोन्ही वेषांमागे नियम आहे. वारकऱ्याचा नियम त्याने स्वतः होऊन, हौसेने गळ्यात घातलेला असतो. मुलाचा नियम दुसऱ्या कोणी केलेला असतो. त्या लहानग्याला तो पाळावा लागतो. ह्या दुसऱ्या नियमाविषयी आज चार शब्द लिहावयाचे योजिले आहे. कारण प्रश्न वरून पाहता कापडाचा असला, तरी आतून तो न्यायाचा आहे. समाजाने घातलेला नियम योग्य कोणता व अयोग्य कोणता, हे ओळखावे तरी कसे?

प्रथम नियमाच्या बाजूने जे म्हणण्यासारखे आहे ते म्हटले पाहिजे. आमच्या मुकुटबनचेच पाहा. यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाचा हा भाग. पलीकडे तेलंगण लागते. वणीहून आदिलाबादकडे जाणारी आगगाडी इथून जाते. गावात मराठी बोलणारे आहेत, तेलुगू बोलणारे आहेत. आसपासच्या पोडांवर कोलाम राहतात, गोंड बांधवांची वस्ती आहे, कापूस पिकवणारा शेतकरी आहे, मजूर आहे, आणि अलीकडे सिमेंटच्या कारखान्यामुळे परगावाहून आलेली नोकरदार कुटुंबेही आहेत. ही सगळी पोरं एका वर्गात येऊन बसतात. ज्याच्या त्याच्या घरचे कपडे असते, तर कोण कुठल्या घरचा हे पाटीवर अक्षर उमटण्याआधीच साऱ्यांना कळले असते. एकाच रंगाचा सदरा घातला म्हणजे निदान पाच-सहा तास तरी बापाची ऐपत अंगावर दिसत नाही. ही लहान गोष्ट नव्हे.

शाळेत वेगळे दिसणे म्हणजे काय असते, हे ह्या महाराष्ट्राने पुरे पाहिलेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या शाळेच्या आठवणी लिहून ठेविल्या आहेत. त्यांना वर्गात वेगळे बसावे लागे, तेही गोणपाटाच्या तुकड्यावर. तो तुकडा शाळा झाडणारा नोकर शिवत नसे, म्हणून तो संध्याकाळी घरी न्यावा व सकाळी परत आणावा लागे. शिपायाने तोटी उघडून दिली तर पाणी, नाही तर तहान. तोही एक नियमच होता! कागदावर नसेल, पण साऱ्या शाळेला पाठ होता. अशा समाजात 'सर्वांचा वेष एक' हा नियम ज्यांनी आणला त्यांच्या मनात समतेचीच कळकळ होती, हे आम्ही आदराने मान्य करतो. वारीतही एका दिंडीत चालणाऱ्याचे घर, जात, जमीन कोणी पुसत नाही. लहानमोठा एकमेकांच्या पायां पडतो. वेष एक झाला की पाया पडणेही सोपे होते.

मग न्यायाचा प्रश्न येतो कुठे? तर नियमाचा हेतू चांगला असला म्हणजे नियम आपोआप न्यायाचा होतो असे नाही, इथे तो येतो. औषध चांगले असते, पण ते कोणाला, किती आणि कधी द्यायचे ह्यावर गुण की अपाय हे ठरते. नियमाचेही तसेच आहे. आमच्या अल्पबुद्धीप्रमाणे कोणताही नियम न्यायाचा आहे की नाही हे पाहण्यास चार प्रश्न पुरेत. ते एकेक घेऊ.

पहिला प्रश्न: ज्याला नियम पाळावयाचा आहे, त्याला तो पाळता येण्यासारखा आहे काय?

गणवेश पाहिजे, ठीक. पण तो घ्यायचा कोणी? सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना समग्र शिक्षा योजनेतून गणवेश मिळतो. एका गणवेशाला 300 रुपये, दोन गणवेशांचे 600, असा हिशेब पुष्कळ वर्षे चालला. त्यातही गंमत अशी की, हे पैसे सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालील घरची मुले एवढ्यांनाच मिळत. एकाच बाकावर तीन पोरं बसली असली तर दोघांना नवा सदरा आणि तिसरा आपला जुनाच घालून. त्या तिसऱ्याचा बाप काही सावकार नव्हता. रेषेच्या बोटभर वर होता इतकेच. ज्या नियमाने भेद झाकायचा त्यानेच वर्गात नवा भेद उघडा केला. 2023 साली राज्य सरकारने ह्या राहिलेल्या मुलांनाही गणवेश, आणि सर्वांना बूट-मोजे, देण्याचे ठरविले. फार योग्य झाले.

पुढे 'एक राज्य, एक गणवेश' असे निघाले. 2024-25 साली कापड एका ठिकाणाहून घ्यायचे, शिवण महिलांच्या बचत गटांकडे द्यायची, असे ठरले. महिलांना काम मिळावे हा विचार वाईट नव्हता. पण राज्य मोठे, कापड पोहोचण्यात उशीर, शिवणीत उशीर; कित्येक ठिकाणी पावसाळा सरला तरी गणवेश आले नाहीत, आले ते मापात बसेनात अशा तक्रारी झाल्या. शेवटी 2024 च्या डिसेंबरात सरकारने निर्णय फिरवून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिले. सरकारने चूक ओळखून पाऊल मागे घेतले ह्याचा दोष नाही. आम्हांला ह्यात दिसते ते निराळेच. सरकारला उशीर झाला तर त्याला वर्गाबाहेर कोणी उभे करीत नाही. पोराला मात्र एका दिवसाचाही उशीर चालत नाही. नियम करणाराला मुदत वाढवून मिळते आणि नियम पाळणाराला मिळत नाही, तेथे न्यायाची तागडी झुकली असे समजावे.

आणखी एक गोष्ट शहरातल्या माणसाच्या ध्यानात येत नाही. कापसाचा पैसा हाती येतो दिवाळीच्या पुढे, वेचणी होऊन माल विकला म्हणजे. जून-जुलैत शेतकऱ्याच्या घरी बियाण्याची, खताची, निंदणाच्या मजुरीची ओढ असते. वर्षातली सर्वांत रिकामी थैली ती हीच. आणि नेमके त्याच वेळी खाजगी शाळा सांगते की, सदरा अमुक दुकानातून, बूट अमुक रंगाचे, शनिवारचा वेष निराळा. आमच्याकडचा एखादा बाप मास्तरांपुढे हात जोडून म्हणतो, "गुरुजी, पोट्ट्याले सदरा नाही भेटला तं शायेत येऊ नाही देनार का जी? कापूस निंगू द्या, घेऊन देतो ना!" ह्या प्रश्नाला उत्तर काय? नियम मोडायची त्याची इच्छा नाही. नियमच त्याच्या घरची पंचांगे न पाहता केलेला आहे.

ह्यावर कोणी म्हणेल की, नियमाला सवलती देत गेले तर नियम उरतच नाही. शंका रास्त आहे. समाधान असे की, सवलत देणे निराळे आणि शिक्षा न करणे निराळे. गणवेश नसेल तर घरी निरोप पाठवा, समितीला कळवा, जुना सदरा शोधून द्या. नियम तसाच राहतो. पण साऱ्या वर्गापुढे उभे करून "तुझा सदरा कुठे?" असे विचारणे ही शिक्षाच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास स्पष्ट मनाई केली आहे. सात वर्षांच्या पोराला बापाच्या गरिबीबद्दल चारचौघांत मान खाली घालावी लागली, तर ह्याहून मानसिक त्रास दुसरा कोणता?

दुसरा प्रश्न: सर्वांना सारखे वागविणे आणि सर्वांना समान मानणे ह्यांतला भेद नियमाने ओळखला आहे काय?

वर म्हटलेच आहे की, विदर्भातल्या शाळा उशिरा सुरू होतात. का बरे? नियमाची एकच तारीख साऱ्या राज्याला लावली असती तर दिसण्यात किती नीटनेटके झाले असते! पण कोकणातला जून आणि वणी-मुकुटबनचा जून सारखा नाही. इकडच्या पोरांनी भर उन्हात शाळेत जाऊन भोवळ येऊन पडावे, ही समता नव्हे. म्हणून तारीख वेगळी. तारीख वेगळी झाल्याने शिक्षण वेगळे झाले नाही, उलट सारखे झाले. येथे शासनाला जी गोष्ट सहज समजली तीच पुष्कळदा वेषाच्या बाबतीत समजत नाही.

पोडावरून चिखल तुडवीत येणाऱ्या कोलाम मुलीला बूट सक्तीचे करून चालेल काय? कोलाम समाज महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. बाकीचे दोन कातकरी आणि माडिया गोंड. त्या मुलीच्या घरी कोलामी बोलतात, शाळेत मराठी. ती शाळेच्या दाराशी आली हेच तिचे अर्धे शिक्षण झाले. तिच्या पायांत काय आहे हे पाहण्याऐवजी ते पाय कुठून चालत आले हे आपण पाहावे. वारीत हाच न्याय चालतो. दिंडीने चालावे हा नियम. पण म्हाताऱ्या माउलीचे पाय सुजले तर तिला सामानाच्या गाडीत बसवितात. तिची वारी मोडली असे कोणी म्हणत नाही, आणि तरण्या माणसाने "मग मलाही बसवा" म्हटले तर त्याला हसतात. नियम जिवंत असला म्हणजे असा वाकतो आणि वाकूनही मोडत नाही.

तिसरा प्रश्न, आणि हाच सर्वांत अवघड आहे: नियमाचे माप आपल्याला आणि परक्याला एकच आहे काय?

समजा, उद्या एखाद्या शाळेने सांगितले की, मुलाने गळ्यातली तुळशीची माळ काढून दप्तरात ठेवावी, कपाळावरचा गंध पुसून यावे. आपल्यापैकी किती जणांना हे सोसेल? माळ हा आपल्याकडे दागिना नाही. ती घातली तेव्हा एकादशी धरली, वारी धरली, मद्यमांस सोडले. ती काढणे म्हणजे गळ्यातली वस्तू काढणे नव्हे, दिलेला शब्द काढून ठेवणे होय. आपण मुख्याध्यापकांकडे जाऊ, हात जोडून सांगू की, "साहेब, ह्या माळेने कुणाच्या अभ्यासाला धक्का लागत नाही, ती राहू द्या." बरोबर ना? मग हेच शब्द दुसऱ्या कुणी दुसऱ्या वस्तूविषयी उच्चारले तर?

मुंबईत चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयात हा प्रसंग आला. तेथील वेषाच्या नियमाने हिजाब, नकाब, बुरखा, टोपी वगैरेंना वर्गात बंदी केली. नऊ विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या. 26 जून 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला. विद्यार्थ्यांचा धर्म वेषावरून दिसू नये, लक्ष शिक्षणाकडे राहावे, हा महाविद्यालयाचा हेतू न्यायालयाने मान्य केला. पुढे 9 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमाला अंशतः तात्पुरती स्थगिती दिली. डोक्याचा रुमाल, टोपी, बिल्ला ह्यांवरील बंदी थांबविली. वर्गात बुरखा चालणार नाही हेही सांगितले. सुनावणीत न्यायमूर्तींनी विचारले की, धर्म तर नावावरूनही कळतो, मग नावे बदलणार काय? आणि टिळा किंवा टिकली लावून येणाऱ्या मुलीला अशीच मनाई कराल काय? हा दुसरा प्रश्न वारकऱ्याने आपल्या मनाला नीट विचारून पाहावा. त्यात त्याच्याच कपाळाचा उल्लेख आहे.

हा विषय सोपा आहे असे आम्ही म्हणत नाही. कर्नाटकातल्या अशाच वादात तेथील उच्च न्यायालयाने 15 मार्च 2022 रोजी सरकारच्या बाजूने निकाल दिला. आणि 13 ऑक्टोबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मत एकमेकांच्या विरुद्ध पडले. एवढे जाणते लोक जेथे दोन बाजूंना जातात, तेथे आपण सामान्यांनी चावडीवर बसून दोन वाक्यांत निकाल लावू नये. पण त्यापूर्वीचा एक निकाल आम्हांला फार बोधप्रद वाटतो. 1985 साली केरळात एका पंथाच्या तीन मुलांना शाळेतून काढले. राष्ट्रगीताच्या वेळी ती मुले आदराने उभी राहत, पण आपल्या श्रद्धेमुळे गात नसत. 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यावयास सांगितले. उभे राहिले म्हणजे मान दिलाच. न गाण्याने कोणाचा अवमान झाला नाही, असा त्याचा मथितार्थ. न्यायालयाने मुलांच्या श्रद्धेला होकार दिला नाही की नकार दिला नाही. तिने कुणाची हानी होते का, एवढेच पाहिले.

आम्हांलाही हाच मार्ग बरा दिसतो. ज्या खुणेने शिकण्यास अडथळा येत नाही, कुणाला इजा होत नाही, कुणाचा अपमान होत नाही, ती खूण शाळेने राहू द्यावी. ती आपली असो की परक्याची. जेथे खरा अडथळा असेल तेथे शाळेने जरूर अडवावे. परीक्षेत ओळख पटण्यासाठी चेहरा दाखवावा लागेल. प्रयोगशाळेत विस्तवाजवळ लोंबते वस्त्र चालणार नाही. खेळताना गळ्यातली माळसुद्धा सदऱ्याच्या आत खोचावी लागेल. ह्यात धर्माचा प्रश्नच नाही, कामाचा आहे.

येथे एक शंका सज्जनांकडून येते, आणि ती द्वेषातून येत नाही. ते म्हणतात, "अहो, ती मुलगी स्वखुशीने डोके झाकते कशावरून? घरचा धाक असेल. शाळेने बंदी केली तर ती सुटेल." धाक असेलही, कोणत्याही जातीधर्मात मुलींवर धाक काही कमी नाही. पण बंदी केल्यावर होते काय ते पाहा. घरचा धाक असेल तर घरचे म्हणतील, "नाही चालत ना? मग बैस घरी." म्हणजे जिला सोडवायचे तिलाच आपण धाक घालणाराच्या स्वाधीन केले. आणि धाक नसून तिची स्वतःची निष्ठा असेल, तर एका निष्ठावंत मुलीचे शिक्षण आपण तोडले. दोन्हीकडून नुकसान तिचेच. उलट ती वर्गात राहिली, चार पुस्तके वाचती झाली, तर काय घालावे आणि काय टाकावे हे ठरविण्याचे बळ तिला स्वतःलाच येईल. ज्ञान हेच सोडविणारे आहे. ज्ञानाचे दार लावून कोणी सुटत नाही.

चौथा प्रश्न: नियमाविरुद्ध गाऱ्हाणे सांगण्यास जागा आहे काय?

ह्या बाबतीत वारकऱ्याला दुसरीकडून शिकावयाचे कारण नाही. माउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली ती एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी. रथापुढे 27 दिंड्या, मागे आणखी कितीतरी. प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला, जागा ठरलेली. लाखो माणसे चालतात, पण कोण कुठे चालावे ह्याचा गोंधळ नाही. इतक्या कडक शिस्तीत गाऱ्हाण्याची सोय काय केली आहे? मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंच करतात. त्यासरशी सर्व दिंड्यांचे टाळमृदंग एकदम थांबतात. पण ज्या दिंडीवर काही अन्याय झाला असेल, ती टाळ थांबवीत नाही, वाजवीतच राहते. मग चोपदार स्वतः तेथे जातात, तक्रार विचारतात, तिचा निवाडा होतो, आणि तो टाळ थांबला म्हणजे मग आरती होते.

वाचकहो, ह्या प्रथेचा विचार करा. लाख माणसे उभी आहेत, दिवसभराची दमलेली, भुकेली, माउलींची आरती खोळंबली आहे, आणि कशासाठी? तर एका दिंडीची तक्रार ऐकावयाची आहे. तक्रार करणाराला शिस्त मोडणारा म्हणून हाकलीत नाहीत. त्याच्याकडे चालत जातात. आणि तक्रार करणाराही दिंडी सोडून पळत नाही, दगड उचलीत नाही, आपल्या जागी उभा राहून टाळ वाजवितो. दोन्हीकडची मर्यादा राहते. नियम आणि न्याय ह्यांचा मेळ ह्याहून चांगला आम्हांला तरी दुसरीकडे आढळला नाही.

शाळेत असा टाळ वाजविण्याची जागा आहे काय? आहे, पण आपण ती वापरीत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांना समिती असते. तिच्यात तीनचतुर्थांश सभासद मुलांचे आईबाप असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. म्हणजे गणवेश, बूट, शिक्षेची रीत, ह्या साऱ्यांवर बोलण्याचा अधिकार आपल्याच हाती आहे. पण सभेला जातो कोण? "आमाले काय समजते त्यातलं," म्हणून आपण घरी बसतो आणि कोणी आणून दिलेल्या वहीवर सही करतो. मग नियम अन्यायाचा झाला म्हणून ओरडतो. टाळ हातात असून वाजविला नाही, तर चोपदार येणार कसे?

आता एक गोष्ट कडू लागेल, पण सांगितलीच पाहिजे. दुसऱ्यांच्या नियमांना माप लावताना आपल्या देवळाच्या नियमांनाही तेच माप लावले पाहिजे. 2023 साली नागपुरातल्या काही मंदिरांत वेषाचे नियम लागू झाले, पुढे राज्यात अन्यत्रही झाले. देवापुढे नीट वेषात जावे, ह्यात वाईट काहीच नाही. पण ज्याच्याजवळ दुसरा कपडाच नाही असा मजूर दाराशी आला, तर पाटी त्याला अडवील की आत घेईल? वाळवंटात चिखलाने माखलेला वारकरी कळसाचे दर्शन घेतो तेव्हा त्याचे धोतर कोणी तपासत नाही. ही आठवण पाटी रंगविणाराने ठेवावी.

आणि 'नियम जुना आहे' म्हणून तो न्यायाचा, असे तर आपण कधीच म्हणू नये. चोखोबांची समाधी पंढरीत महाद्वारासमोर आहे, महाद्वाराच्या आत नाही. ज्या नियमाने त्यांना बाहेर ठेविले तो जुनाच होता, शास्त्राचे नाव घेणाराच होता. सहा शतके तो चालला. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले, तेव्हा ते दार हरिजनांना उघडले. नियम गेला, विठोबा गेला नाही. उभा होता तसाच विटेवर उभा आहे. जो नियम मोडल्याने देव बाटत नाही, तो देवाचा नव्हता, माणसांचा होता, एवढे त्यावरून सिद्ध झाले.

साने गुरुजींच्या त्या कृतीत आणखी एक बोध आहे. अन्यायाच्या नियमाशी झगडताना त्यांनी उपास दुसऱ्याला घडविला नाही, स्वतः केला. नियमांच्या भांडणात किंमत कोण मोजतो, हे नेहमी पाहावे. शाळेच्या वेषावरून संस्था, संघटना, पुढारी भांडतात. बुडतो कोणाचा अभ्यास? मुलांचा. वडीलधाऱ्यांचे मत काहीही असो, त्याची किंमत लेकराने मोजू नये. मुलगा अगोदर वर्गात बसू द्यावा, वाद मागून करावा. आरती तक्रारीसाठी थांबू शकते. मुलाचे वय कोणासाठी थांबत नाही.

तर मग अन्यायाचा नियम पाळावा की न पाळावा? आमचे मत असे. नुसता गैरसोयीचा नियम असेल तर तो पाळीत राहून टाळ वाजवावा. कारण गैरसोय झाली की नियम सोडायचा, असे ज्याने त्याने ठरविले तर दिंडीच उरणार नाही. पण माणसाला माणूस न मानणारा नियम, गोणपाटाच्या तुकड्यासारखा, पाळणे हे पाप आहे. तो पाळणाराने पाळू नये व पाहणाराने पाहत बसू नये. ह्या दोहोंतला भेद ओळखण्यास फार विद्वत्ता लागत नाही. तो नियम आपल्या लेकराला लावून पाहावा, म्हणजे कळते.

आता करावयाचे काय? मोठे काही सांगत नाही. प्रत्येक गावच्या भजनी मंडळाने शाळा उघडण्यापूर्वी गुरुजींना भेटून विचारावे की, गणवेशावाचून किती मुले राहतील. धुऊन, शिवून नीट केलेले जुने सदरे गावाने शाळेत आणून ठेवावे, आणि ते द्यायचे तर मुकाट्याने द्यावे, पोराच्या शेजाऱ्यालाही कळू नये. समितीच्या सभेला आईने जावे, बापाने जावे. एक गणवेश पुरेल तेथे तीन मागू नयेत, अमुकच दुकानाची सक्ती नको, आणि गणवेश नाही म्हणून कोणाही मुलाला वर्गाबाहेर ठेवणार नाही, एवढा ठराव करून घ्यावा. आपल्या मुलाच्या माळेसाठी बोलायला गेलात, तर शेजारच्या मुलीच्या रुमालासाठीही त्याच वेळी दोन शब्द बोला. तिचा बाप सभेत बोलायला भीत असेल. तुम्ही बोललात तर त्याला धीर येईल.

गणवेश ह्या शब्दात 'गण' आहे. गण म्हणजे समुदाय. ज्या वेषाने कोणी समुदायाबाहेर पडतो, त्याला गणवेश म्हणता येत नाही, मग त्याचा रंग कोणताही असो. आत घेणारा नियम तो न्यायाचा, बाहेर काढणारा तो अन्यायाचा, ही खूणगाठ बांधून प्रत्येकाने आपापल्या गावच्या शाळेत जाऊन पाहावे.

असो. विषय मोठा, जागा थोडी. अधिकउणे झाले असेल ते संतसज्जनांनी गोड करून घ्यावे, ही विनंती.